रीफ टाकीची वीज: खोलीचे सर्किट, एक स्वतंत्र सर्किट की दोन?

मोठी रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, घरात आणायची ठरली की काच, स्टँड आणि दिवे यांवर महिनोन्महिने विचार होतो. विजेचा विचार मात्र बहुधा टाकी जागेवर बसल्यानंतर, जवळचे सॉकेट कुठे आहे एवढ्यापुरताच होतो. भरलेली टाकी हलवता येत नाही आणि तिच्यामागची भिंत पुन्हा फोडता येत नाही, म्हणून हा निर्णय आधीच घ्यावा लागतो. त्यासाठी तीन पर्याय असतात. खोलीच्या चालू सर्किटवरच एक्स्टेंशन बोर्ड लावता येतो, मुख्य पेटीपासून टाकीसाठी एक स्वतंत्र सर्किट ओढता येते, किंवा दोन स्वतंत्र सर्किटे ओढून प्रत्येकाला वेगळा आरसीबीओ, म्हणजे जादा प्रवाह आणि गळती या दोन्हींवर पुरवठा तोडणारा स्विच, देता येतो.

आधी भार पाहू. साधारण 600 लिटरच्या टाकीला एलईडी दिवे 500 वॅट, दोन हीटर मिळून 600, पाणी थंड करणारा चिलर 600, खालच्या टाकीतून पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप 80, टाकीत पाणी हलते ठेवणारे वेव्हमेकर 80, फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर 40, पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा 40 आणि नियंत्रक व पूरक द्रावणे मोजून सोडणारे डोसिंग पंप 30 वॅट असे धरले, तर बेरीज 1,970 वॅट होते. हीटर आणि चिलर एकाच वेळी चालत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षातला सर्वाधिक भार सुमारे 1,370 वॅट येतो. 230 व्होल्टवर हा प्रवाह 6 अँपिअर आहे, तर 120 व्होल्टवर 11.4 अँपिअर. तासन्‌तास चालणारा भार सर्किटच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांपर्यंतच ठेवण्याचा संकेत पाळला, तर 15 अँपिअरच्या सर्किटवर 12 अँपिअरच वापरता येतात. म्हणजे 120 व्होल्टच्या घरात त्याच खोलीत व्हॅक्यूम क्लीनर लावला की पहिला पर्याय संपला. 230 व्होल्टच्या घरात हा हिशेब सहज बसतो, आणि नेमके तिथेच नियोजन थांबवण्याची चूक होते.

कारण खरा प्रश्न वॅटचा नाही. एखादा स्विच पडला आणि घरी कोणी नसेल, तर पुढचे दहा तास टाकीत काय चालू राहील, हा प्रश्न आहे. समुद्राच्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे जेमतेम 7 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. पृष्ठभाग हलणे थांबले की मासे, प्रवाळ आणि खडकातले जिवाणू तो वापरत राहतात, पण भर पडत नाही. रात्री प्रकाशसंश्लेषणही बंद असते. त्या मानाने तापमान सावकाश ढळते. 600 लिटर पाणी एक अंशाने थंड होण्यासाठी सुमारे 0.7 किलोवॅट-तास उष्णता बाहेर जावी लागते. दिवे बंद राहिले तर एक-दोन दिवस काहीच बिघडत नाही. म्हणून महत्त्वाचा क्रम पाण्याची हालचाल, मग उष्णता आणि सर्वांत शेवटी प्रकाश असा लागतो. वॅटचा क्रम याच्या जवळजवळ उलट आहे, आणि केवळ वॅट पाहून केलेली विभागणी त्यामुळेच फसते.

खोलीच्या सर्किटमध्ये दोष एकच आहे, पण तो मोठा आहे: खोलीतल्या दुसऱ्या कोणत्याही उपकरणाचा बिघाड टाकी बंद पाडू शकतो. लहान टाकीला हे चालून जाते. या आकाराच्या टाकीसाठी मी हा पर्याय सुचवणार नाही. एक स्वतंत्र सर्किट हा धोका दूर करते, आणि भिंत एकदाच फोडायची असल्यामुळे पुष्कळजण तिथेच थांबतात. मात्र त्यात सगळी उपकरणे एकाच गळती-संरक्षकाखाली येतात. हीटरची काच तडकली, पंपाच्या वेष्टनात पाणी शिरले किंवा प्लगवर मीठ साचले, की तो संरक्षक सर्वांचा पुरवठा एकदम तोडतो. माणसाच्या जिवासाठी ते योग्यच आहे आणि त्यावर तडजोड नको. पण त्याच क्षणी टाकी पूर्ण स्तब्ध होते.

त्यात निरोगी उपकरणांमधूनही थोडी गळती होतच असते. विद्युत-बाधा रोखणारे फिल्टर असलेले एलईडी चालक (ड्रायव्हर), अडॅप्टर आणि जुने हीटर यांची ही गळती एकत्र जमते. 30 मिलिअँपिअरचा संरक्षक प्रमाणानुसार 15 ते 30 मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेही तुटू शकतो, आणि उत्तर अमेरिकेत वापरला जाणारा जीएफसीआय हा गळती-संरक्षक 4 ते 6 मिलिअँपिअरवरच तुटतो. दहा-बारा उपकरणे एकाखाली असतील, तर विनाकारण तुटण्याची शक्यता वाढत जाते. दोन संरक्षकांत ती विभागली की प्रत्येकावरचा कायमचा भार निम्म्यावर येतो. एलईडी चालक आणि डीसी पंप यांच्या गळतीत स्पंदित एकदिश प्रवाह असू शकतो. म्हणून केवळ प्रत्यावर्ती गळती ओळखणारा एसी प्रकार न घेता निदान ए प्रकारचा घ्यावा. चिलरचा कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेतो, तेव्हा त्याच्या बाजूला बी वक्राऐवजी सी वक्राचा, म्हणजे असा क्षणिक जादा प्रवाह सहन करणारा, स्विच योग्य ठरतो.

दोन सर्किटांचा पर्याय मी निवडतो, पण एका अटीवर. दिवे एका बाजूला आणि पंप दुसऱ्या बाजूला अशी नीटस विभागणी करायची नाही. प्रत्येक सर्किट एकट्याने टाकी जिवंत ठेवू शकेल अशी वाटणी हवी: एक वेव्हमेकर आणि एक हीटर इकडे, दुसरा वेव्हमेकर आणि दुसरा हीटर तिकडे. उरलेल्या दिवे, चिलर, स्किमर यांना जिथे जागा उरेल तिथे बसवावे. हीटर दोन आणि निम्म्या ताकदीचे असण्याचा आणखी एक लाभ आहे. थर्मोस्टॅटचा संपर्क चिकटून एक हीटर चालूच राहिला, तरी 300 वॅटला एवढे पाणी शिजवायला बराच अवधी लागतो आणि तेवढ्यात वेगळा तापमान-नियंत्रक त्याला तोडू शकतो.

इथे एक खाचखळगा आहे, आणि तो आराखडा कागदावर मांडताना सहज नजरेतून सुटतो. दोन्ही हीटर सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीखालच्या दुसऱ्या टाकीत, असतील आणि रिटर्न पंप मात्र एकच असेल, तर त्या पंपाचे सर्किट पडल्यावर दुसरा हीटर फक्त सम्पचेच पाणी गरम करत राहतो. वरची टाकी गारच होत जाते. उपाय म्हणजे एका मोठ्या रिटर्न पंपाऐवजी दोन लहान पंप वेगवेगळ्या सर्किटांवर लावणे. त्यासाठी पाइपिंग थोडे वाढते आणि दोन्हींना परतीचा प्रवाह रोखणारी रचना लागते, तरीही हा खर्च मला सर्वांत सार्थ वाटतो. वायरमनला आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी: दोन्ही सर्किटांच्या न्यूट्रल तारा पेटीपर्यंत स्वतंत्र राहिल्या पाहिजेत, कारण त्या कुठेही एकत्र झाल्या तर दोन्ही आरसीबीओ तुटत राहतील. भविष्यात मोठा चिलर घ्यायचा असेल, तर टाकीशेजारी, पण कॅबिनेटच्या बाहेर, छोटी वितरण पेटी घेणे याच पर्यायाचा विस्तार ठरतो. तिच्यात मोकळे मार्ग उरतात.

सॉकेट कुठेही असोत, ते सम्पच्या वरच्या दमट हवेत नसावेत आणि प्रत्येक वायरीला प्लगकडे वर चढण्याआधी खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तिथेच टपकते. पाण्यात बुडवून अर्थिंगला जोडायच्या टायटॅनियमच्या प्रोबबद्दल मतभेद आहेत. माझे मत असे की गळती-संरक्षक असेल तरच तो लावावा; मग हीटर तडकला की संरक्षक, हात पाण्यात जाण्याची वाट न पाहता, लगेच पुरवठा तोडतो. संरक्षक नसताना प्रोब लावला, तर पाण्यातून प्रवाह वाहत राहतो आणि काहीच तुटत नाही.

पूर्ण वीज गेली, तर दोन सर्किटेही निरुपयोगी आहेत. तिथे बॅटरी लागते. काही डीसी वेव्हमेकरच्या चालकाला बॅटरीसाठी वेगळे तोंड असते. मंद गतीने 10 वॅट घेणारा असा पंप वापरता येण्याजोग्या 1,000 वॅट-तासांच्या लिथियम बॅटरीवर शंभर तासांच्या आसपास चालू शकतो. तीच बॅटरी इन्व्हर्टरमधून वापरली आणि इन्व्हर्टर स्वतःच 15 वॅट खात असेल, तर ती चाळीस तासांत संपते. संगणकासाठीचा यूपीएस तयार मिळतो, पण त्याची बॅटरी लहान असते आणि चौकोनी लहर देणाऱ्या यूपीएसवर एसी पंप गुरगुरतात व तापतात. म्हणून वेव्हमेकर निवडतानाच बॅटरीचे तोंड पाहावे.

टाकी भरल्यावर, जीव सोडण्याआधी, एक सर्किट बंद करून रात्रभर तसेच ठेवावे आणि दुसऱ्या रात्री दुसरे. दोन्ही सकाळी वरच्या टाकीचे तापमान मोजावे, रिटर्न थांबल्यावर सम्प ओसंडत नाही ना ते पाहावे, आणि वीज परतल्यावर स्किमर उतू जाऊ नये म्हणून तो काही मिनिटे उशिरा सुरू होतो की नाही हे तपासावे.