३-९×४० स्कोप, उन्हाळा-पावसाळा काढल्यावर: काच पास, झाकणाचं रबर नापास

सहा हजार दोनशेची वस्तू आणि भांडण कशावरून, तर वीस रुपयांच्या रबरावरून. वस्तू म्हणजे बंदुकीवर बसवायची दुर्बीण, अर्थात स्कोप: तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिमीची. बाकीचे स्पेक्स सगळ्यांना तोंडपाठ आहेत, ते परत लिहीत नाही. बंदूक माझी साधी: मोडून भरायची स्प्रिंगची एअर रायफल, .१७७ (साडेचार मिमीचा छर्रा), छर्र्याची ताकद २० जूलच्या आतली, म्हणजे परवाना न लागणारी. अमळनेरजवळ शेतात बांधाला वाळूची पोती लावून कागदावर मारतो. रानडुक्कर, नीलगाय, पाखरं हा विषय इथे काढू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि हरभरा खाल्ला म्हणून तो बदलत नाही.

आता रबर. स्कोपबरोबर दोन पारदर्शक टोप्या येतात आणि त्यांना जोडणारा रबरी पट्टा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो हे कंपनीला कुणी सांगितलेलं दिसत नाही. पट्ट्याला आधी बारीक भेगा पडल्या, मग एका सकाळी पुढची टोपी काढताना तो हातातच आला. फोन केला. "सर, रबर पार्ट वॉरंटीत येत नाही." बरं, विकत द्या. "सुटा मिळत नाही सर." मग? "पूर्ण स्कोप कुरिअरने पाठवा, तपासून सांगतो." म्हणजे कुरिअर माझ्या खर्चाने, नीट बसवलेला स्कोप उतरवायचा, आल्यावर झिरो, म्हणजे नेम आणि छर्रा लागण्याची जागा, परत जुळवायचा, आणि हे सगळं त्या रबरासाठी जे ते देणारच नाहीत! मेल केले, फोटो पाठवले, तक्रारीचा नंबर मिळाला. रबर नाही मिळालं.

एवढ्याशा रबराचं काय, असं पुण्या-मुंबईचा माणूस म्हणेल. इथे झाकण ही चैन नाही. वखरलेल्या काळ्या रानात एक वावटळ येऊन गेली की काचेवर थर बसतो. ती धूळ बनियनने पुसली की कोटिंगवर ओरखडे, आणि ते जन्मभराचे. शेजारचे आप्पा एकदा "हाई काय शे भो, दुर्बीण?" करत आले आणि बघायच्या आधी उपरण्याने काच पुसायला निघाले. त्यांचा हात धरावा लागला. आधी कॅमेऱ्याचा फुगा, मग मऊ ब्रश, तरी डाग राहिलाच तर लेन्सचं कापड. द्रवाचा थेंब कापडावर घ्यायचा, काचेवर टाकायचा नाही. तोंडाने फुंकर तर नकोच, थुंकी उडते. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून टोप्यांना लावली. फुकटात झालं, पण काळी पट्टी बघितली की अजून डोकं तापतं.

स्कोपबद्दल मात्र मत बदललंय, ते लिहायलाच हवं. उन्हाळ्यात गट, म्हणजे कागदावर छर्रे लागण्याची जागा, सरकायला लागला. आज मधोमध लागतंय, पुढच्या आठवड्यात त्याच जागी धरलं तर दोन बोटं वर. फोनवरच्या त्याच पोराने सांगितलं, "सर, आधी माउंट बघा." माउंट म्हणजे स्कोप बंदुकीला धरणारी पकड. रबराच्या रागात मला ती टाळाटाळ वाटली. तरी माउंटच्या मागच्या कडेला बंदुकीवर पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवली. थोडे छर्रे मारल्यावर बघतो तर माउंट रेघेच्या मागे! तिथे त्या पोराचं बरोबर होतं. स्कोपला दोष नाही.

स्प्रिंगच्या बंदुकीचं दुखणंच हे आहे. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि पिस्टन पुढे जाऊन आदळला की बंदूक झटक्याने पुढे जाते. हा दुसरा झटका वाईट. मोठ्या रायफलींचे कितीतरी स्कोप फक्त मागचा धक्का सोसायला बनवलेले असतात. पुढच्या झटक्याने त्यांच्या आतल्या काचा ढिल्या होतात. बंदूक पुढे जाते आणि स्कोप जागीच राहू बघतो, म्हणून माउंट हळूहळू मागे सरकतं. दोन सुट्या रिंगांऐवजी एकसंध माउंट घ्या, बंदुकीवरच्या ११ मिमीच्या डोव्हटेल खाचांना बसणारं, आणि खाली स्टॉप पिन असलेलं. ती पिन बंदुकीवरच्या भोकात अडकली पाहिजे. नुसते स्क्रू आवळून भागत नाही. मला माउंटला अकराशे वेगळे पडले, आणि ते किमतीत धरूनच मी या स्कोपचा भाव मोजतो.

स्क्रू आवळण्याबद्दल थोडं. माउंटच्या वरच्या टोप्यांना १५ ते १८ इंच-पाउंड (आवळायच्या जोराचं माप) पुरे. टॉर्कचा पाना आपल्या गावात कुणाकडे असतो? एलन कीची आखूड बाजू दोन बोटांत धरून आवळायचं, आलटून पालटून तिरकस, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत. जास्त पिळलं तर नळी दबते आणि एओची (अंतराप्रमाणे फोकस जुळवायची) रिंग किंवा झूम जड फिरतो. पूर्ण आवळायच्या आधी नऊ पटावर ठेवून डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, डोळे उघडा. काळी कड न दिसता पूर्ण गोल दिसला तर स्कोपची जागा बरोबर. उभी रेघ सरळ आहे का हे बघायला मोबाइलचं ॲप वगैरे नको. गवंड्याकडून ओळंबा आणून पंचवीस मीटरवर लिंबाला टांगा आणि रेघ दोरीशी जुळवा. तिरपी रेघ दहा मीटरवर कळत नाही, अंतर वाढलं की छर्रा बाजूला जातो.

नेम सरकवायच्या घुंड्यांचे "क्लिक काम करत नाहीत" अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. एक क्लिक पाव एमओएचा (एमओए हे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग), म्हणजे १०० मीटरवर जेमतेम ७ मिमी. १० मीटरवर तेच ०.७ मिमी. दोन सेंटिमीटर हलवायचे तर सत्तावीस-अठ्ठावीस क्लिक लागतात. चार-पाच क्लिक करून स्कोपला नावं ठेवू नका.

एओ मात्र हवाच. मोठ्या रायफलीच्या बऱ्याच स्कोपमध्ये पॅरॅलॅक्स १०० यार्डांवर पक्का केलेला असतो. तो १० मीटरवर लावला की चित्र धूसर आणि डोकं हललं की क्रॉस हलतो. यावरची रिंग १० यार्डांपर्यंत येते. आकडे यार्डात आहेत, म्हणजे २५ लिहिलंय ते जवळजवळ २३ मीटर, आणि तेही जुळत नाहीत. बंदूक पोत्यावर टेकवून, हात न लावता डोकं वर-खाली करा. क्रॉस कागदावर जागचा हलला नाही की रिंगेवर तिथे पांढऱ्या मार्करने खूण करा. छापील आकडे विसरा.

दुपारी अकरानंतर नऊ पट वापरायची हौस करू नका. तापलेल्या जमिनीवरून हवा डुलते आणि कागद तिच्याबरोबर डुलतो. चार-पाच पटावर बराच स्थिर दिसतो. संध्याकाळीही तेच: ४० ला नऊने भागलं तर डोळ्यात येणारा प्रकाशाचा गोल साडेचार मिमीच्या आत, चारवर तोच १० मिमी, म्हणून कमी पटावर चित्र उजळ.

पावसाळ्यात आतून वाफ धरली नाही, म्हणजे आत भरलेला नायट्रोजन आणि सील टिकून आहेत. बाहेरून काच धुरकटते ते चालतं. फोमच्या पेटीत मात्र ठेवू नका, फोम ओल धरतो आणि काचेला बुरशी, नळीला गंज. मी सिलिका जेलच्या पुड्यांसह पत्र्याच्या डब्यात ठेवतो.

पोराला स्पर्धेत उतरवायचं म्हणून कुणी हा घेणार असाल तर पैसे वाचवा. ऑलिम्पिकच्या १० मीटर एअर रायफलला दुर्बीण चालत नाही, पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची, लागते. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, तेही स्कोपशिवाय. पीसीपीवाल्यांनीही (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी बंदूक) विचार करा, त्यांना झटका नसतो, इतका दणकट स्कोप कशाला?

स्प्रिंगरवाल्यांनी घ्यावा. पाचपैकी चार, आणि कापलेला एक तारा पूर्णपणे झाकणाचा. पुढच्या काचेचं बाहेरचं माप माझ्याकडे व्हर्निअरने ५१ मिमी भरतं. त्यावर बसणारं, स्प्रिंगने उघडणारं झाकण जळगाव किंवा धुळ्यात कुठे मिळत असेल तर भाव सांगा. चारशेच्या वर असेल तर सांगू नका.