आधी भौतिक, मग रसायन, शेवटी जीवशास्त्र : घरच्या विज्ञानाचं एक वर्ष

निकाल आधीच सांगून टाकते. हा क्रम आम्हाला मानवला, पण रसायनाच्या लॅबचा शोध सोबतच सुरू करणार नसाल तर यात हात घालू नका. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

मुलगी नववीच्या वयाची आहे आणि घरीच शिकते. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात तिन्ही विषय दरवर्षी थोडे थोडे येतात. अमेरिकेत बहुतेक शाळा एका वर्षी एकच विषय घेतात, तोही आधी जीवशास्त्र, मग रसायन, मग भौतिक असा. भौतिकातले १९८८ चे नोबेल विजेते लिऑन लेडरमन यांनी हा क्रम उलटा करा म्हणून बरीच वर्षं लावून धरलं होतं. त्यांचा मुद्दा सरळ होता. आजचं जीवशास्त्र डीएनए आणि प्रथिनांशिवाय पुढे सरकत नाही. ते समजायला रसायन लागतं, आणि रसायनातला अणू समजायला भौतिक. मला हे पटलं. शिवाय भौतिकाला घरात सामान लागत नाही, हा माझा स्वतःचा, जरा आळशी मुद्दा.

सामान म्हणजे खरोखर एक मोबाइल. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फिफॉक्स नावाचं मोफत अॅप आहे, ते फोनमधले सेन्सर मोजमापाला वापरू देतं. आमची इमारत ठाण्याच्या घोडबंदर रोडवरची, उंच, त्यामुळे लिफ्ट हीच प्रयोगशाळा झाली. फोन लिफ्टच्या फरशीवर ठेवायचा आणि त्वरणाचा आलेख बघायचा. थांबलेल्या लिफ्टमध्ये ९.८ मी/से² च्या आसपास, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचाच आकडा. वर निघताना आकडा चढतो, आणि मग लिफ्ट एकसारख्या वेगानं जात असताना पुन्हा ९.८. "अगं आई, लिफ्ट चालू आहे, मग हे थांबल्यासारखं का दाखवतंय?" या एका प्रश्नावर न्यूटनचा पहिला नियम आठवडाभर चालला. वॉचमनकाका आम्हाला दुरुस्तीवाले समजायला लागले होते. फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर मजल्यागणिक हवेचा दाब घटतानाही दिसतो, साधारण ०.३५ हेक्टोपास्कल. स्वस्त फोनमध्ये तो बहुधा नसतो.

विजेसाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावरचे आभासी प्रयोग, वापरली. चांगली आहेत, पण खऱ्या तारा आणि सेल हातात दिल्यावरच तिला कंटाळा यायचा थांबला. मराठी संज्ञांसाठी ई-बालभारतीवरची पुस्तकं, तीही फुकट.

खरी अडचण गणिताची. सदिश (दिशा असलेल्या राशी) आणि त्रिकोणमिती पक्की नसताना भौतिक शिकवायचं म्हणजे बीजगणितापुरतं शिकवायचं, आणि अकरावी-बारावीला ते पुन्हा नीट घ्यायचं. हे धरूनच चाला. एकदा भौतिक केलं की संपलं, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

वर्ष संपता संपता रसायनाची चाचपणी सुरू केली. घरात होतं तेवढं छान होतं. पानवाल्याकडचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, सकाळी वरची निवळी काढली. त्यात चिमूटभर हळद टाकली की पाणी लालसर. आता दहापट पातळ केलेलं व्हिनेगर सिरिंजनं थेंब थेंब सोडायचं. लाल रंग जाऊन पिवळा येतो ती वेळ गाठायची आणि किती मिली गेलं ते लिहायचं. अनुमापन म्हणजे हेच. एक थेंब जास्त पडला तर सगळं वाया, हे तिला तिथेच कळलं. डोळ्यांवर गॉगल मात्र हवाच, चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही.

पण बारावीच्या क्षार परीक्षणाला, म्हणजे दिलेला क्षार ओळखायच्या प्रयोगाला, तीव्र सल्फ्युरिक अॅसिड लागतं, ते स्वयंपाकघरात आणायचं नाही म्हणजे नाही. काचेचं सामान मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला मिळेल, धुराड्याची सोय कुठून आणणार? एनआयओएसच्या (केंद्राच्या मुक्त शाळा मंडळाच्या) एका अभ्यास केंद्रात प्रात्यक्षिकांची चौकशी केली तर उत्तर मिळालं, "मॅडम, जर्नल भरून आणा, बाकी बघून घेऊ." मुलगी सोबतच होती, तिनंच मला बाहेर ओढलं. शेवटी एका क्लासवाल्यांनी रविवारी त्यांची लॅब तासावर द्यायचं कबूल केलंय. स्वस्त नाही.

जीवशास्त्राचं वर्ष अजून दूर आहे, तरी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन आलो. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलनं जायला सोपं. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि लोक जातात रोहित पक्षी बघायला. माझ्या मते त्याआधी तिवराचं पान उलटून बघा. खाऱ्या पाण्यातलं झाड, जास्तीचं मीठ पानातल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. कोरड्या दिवशी पानावर पांढरे कण दिसतात. चाटून बघितलं, खारट लागलं. परासरण (पातळ द्रावणातलं पाणी पडद्यातून दाट द्रावणाकडे जाणं) शिकवायची वेळ आली की सुरुवात इथूनच करणार.

परीक्षेचं विचाराल तर दहावी एनआयओएसमधून. वयाची अट १४ पूर्ण, प्रवेश पाच वर्षं चालतो आणि नऊ संधी मिळतात, म्हणून विषय सुटे सुटे देता येतात. आम्ही विज्ञान रसायनाच्या वर्षानंतर देणार, गणित आणि भाषा आधी. बारावी तिथूनच पाच विषयांसह केली तर जेईई मेनला बसता येतं.

नववीपासूनच जेईई-नीटचे क्लास लावायचे ठरलं असेल त्यांनी मात्र हा क्रम घेऊ नये. तिथे तिन्ही विषय एकदम पळतात, घरात एक आणि क्लासात तीन अशी ओढाताण होईल. बाकीच्यांनी जूनमध्ये भौतिक सुरू करतानाच लॅबचा शोधही सुरू करावा. आम्हाला ती सापडायला दिवाळी उलटून गेली.