व्हॅलग्रिंड: चार सेकंदांचा प्रोग्राम, चाळीस मिनिटांचं दळण

सी प्लस प्लसमधले मेमरीचे घोळ शोधायला मी गेली सहा वर्षं व्हॅलग्रिंड वापरतेय. उच्चार ‘ग्रिंड’ आहे, ‘ग्राइंड’ (म्हणजे दळणं) नव्हे. दळणाशी त्याचा संबंध नाही. परवा मात्र पुरता आला.

प्रोग्राम साधा. एक थ्रेड (प्रोग्राममधली स्वतंत्रपणे पळणारी कामाची धार) फाइल वाचतो, दोन थ्रेड त्यातल्या नोंदींवर काम करतात. एरवी चार सेकंदांत मोकळा. व्हॅलग्रिंडखाली चाळीस मिनिटं झाली तरी ढिम्म. हे टूल प्रोग्रामला वीस-तीस पट हळू करतं हे ठाऊक आहे, पण त्या हिशेबाने दोन मिनिटं होतात. कोणता प्रोग्राम किती सीपीयू खातोय ते दाखवणारा ‘टॉप’ लावून पाहिलं तर सीपीयू शंभर टक्के. तिथे शून्य दिसलं असतं तर कोणीतरी लॉक (एका वेळी एकालाच मिळणारी परवानगी) धरून बसलंय म्हटलं असतं. इथे कोणीतरी जागच्या जागी गरगरत होतं.

मग चूक माझी. सवयीने जीडीबी हा डीबगर थेट त्या प्रोसेसला जोडला आणि तासभर व्हॅलग्रिंडचंच आतडं बघत बसले. तो आपला कोड भाषांतर करून स्वतःच्या बनावट सीपीयूवर चालवतो, त्यामुळे तिथे आपलं फंक्शन दिसणारच कसं? दुसऱ्या टर्मिनलमध्ये व्हीजीडीबी (व्हॅलग्रिंडशी बोलणारा त्याचाच मदतनीस) उघडून ‘व्ही डॉट इन्फो शेड्यूलर’ एवढंच म्हणायचं होतं. सगळ्या थ्रेडचे स्टॅक, म्हणजे कोण कुठल्या फंक्शनात आहे ते, ओळीने समोर. या एका सोयीसाठी मी व्हॅलग्रिंडला पाचपैकी एक तारा जास्त देते.

दोन्ही कामकरी थ्रेड एकाच ओळीवर होते: ‘डेटा आला का’ हा फ्लॅग बघत फिरणारा रिकामा लूप. व्हॅलग्रिंड एका वेळी एकच थ्रेड पळवतो; ज्याच्याकडे त्याचं लॉक, तोच पळतो. एक लाख बेसिक ब्लॉक (कोडचे सलग चालणारे छोटे तुकडे) झाले की तो थ्रेड लॉक सोडतो, पण पुढे ते कोणाला मिळेल याची हमी नाही. लूपवाले दोघे आपसातच लॉक फिरवत राहिले, फाइल वाचणारा उपाशी.

थ्रेडना आळीपाळीने लॉक देणारा ‘फेअर-शेड’ हा पर्याय ‘येस’ केला आणि दोन मिनिटं दहा सेकंदांत सगळं पार पडलं. माझी तक्रार इथेच: हा पर्याय मुळात बंद का असतो? आणि प्रोग्राम असा अडकला तरी टूल चकार शब्द काढत नाही.

लूप काढून मी कंडिशन व्हेरिएबल टाकला, म्हणजे डेटा येईपर्यंत थ्रेड झोपून राहतो; तो फ्लॅग माझाच होता, घाईत लिहिलेला. घाई असेल तेव्हा मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, बरा, साधारण दुपटीनेच मंदावतो आणि थ्रेड खरोखर समांतर पळतात; फक्त पुन्हा कंपाइल करावं लागतं. पण किंमत न भरलेली व्हेरिएबल त्याला दिसत नाहीत. त्या दोन मिनिटांत व्हॅलग्रिंडने तसली एक पकडून दिली, नोंदींच्या लांबीची. चार तारे.