गाडी माझ्या नावावर, ओटीपी पोराच्या मोबाइलवर: ११ महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्याला जळगावहून गाडी आणली. आजपर्यंत १४,२०० किलोमीटर झाले. इंजिन, क्लच, ब्रेक, सस्पेन्शन यांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरच्या खड्ड्यांतून केळीचे घड डिकीत घालून नेले, तरी कुठून खडखड नाही. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की गाडीच भंगार आहे. ती भंगार नाही. तिच्यात जे बोलतं, म्हणजे ॲप, स्क्रीन, सॉफ्टवेअर, ते बिघडतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. शेजारच्या आबांची गाडी दुसऱ्या कंपनीची आहे आणि त्यांचं रडगाणंही हेच आहे. माझं फैजपूरला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तीस वर्षं जळालेल्या सबमर्सिबल उघडतोय, त्यामुळे वायर आणि अँपिअर या भाषेत मला फसवणं जरा अवघड. ॲपच्या भाषेत मात्र मी पहिलीतला पोरगा.

गाडीचा ताबा घ्यायच्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाला. शोरूमच्या पोराने विचारलं, "काका, ॲप कोणत्या नंबरवर चालू करू?" माझ्या मोबाइलमध्ये जागा नव्हती. पुण्याहून सणाला आलेला मुलगा शेजारीच उभा होता, त्याने त्याचा नंबर दिला. शोरूमवाल्याने स्क्रीनवर पाच-सहा वेळा 'मान्य आहे' दाबलं. काय मान्य आहे ते त्याने वाचलं नाही, मी वाचलं नाही, इंजिनिअर मुलानेही वाचलं नाही. आर. सी. माझ्या नावाची, हप्ता माझ्या खात्यातून, पण गाडीच्या लेखी मालक म्हणजे पुण्यातला तो मोबाइल नंबर.

याचा पहिला प्रसाद डिसेंबरात मिळाला. भावाच्या मळ्यात भरीत पार्टी होती. बामणोदची वांगी, काट्यांवर भाजलेली, कळण्याची भाकरी. रात्री पावणेबाराला निघालो, गाडी सुरू केली आणि दोन मिनिटांत मुलाचा फोन. "पप्पा, एवढ्या रात्री कुठे निघालात? मले मेसेज आला." त्याने हौसेने कसलीशी हद्द आखून ठेवली होती, तिच्या बाहेर गाडी हलली की त्याला घंटी. वेग ८० च्या वर गेला की दुसरी घंटी. डॉक्टरांनी तेल-तिखट बंद केलेलं असताना मी महिन्यात तीनदा एकाच ढाब्यासमोर पाऊण तास उभा होतो, हेही घरात कळलं ते याच वाटेने. हसण्यावारी नेलं. पण मनात आलं, पोराला एवढं कळतं तर जिथून ही माहिती त्याच्याकडे जाते, तिथे किती कळत असेल?

आता बॅटरी. हा भाग जरा लांब होईल, पण ज्यांची गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही, त्यांनी नीट वाचावा.

जानेवारीत पाच दिवस पुण्याला गेलो, भुसावळहून रेल्वेने. गाडी सातपुड्याच्या पायथ्याला आमच्या मळ्यातल्या शेडमध्ये उभी केली. परत आलो तर टक् टक् आणि शांत. ट्रॅक्टरला केबल लावून सुरू केली. सर्व्हिस सेंटरने बॅटरी 'कमजोर' ठरवून वॉरंटीत बदलून दिली. फेब्रुवारीत कापणीच्या वेळी गाडी परत मळ्यात पाच दिवस उभी राहिली, परत तेच. घरासमोर मात्र आठवडाभर उभी असली तरी बटण दाबताच सुरू. नवी बॅटरी जागा बघून कमजोर होते का?

मग मीच मीटर लावला. पद्धत सांगतो. बोनट उघडं ठेवायचं, दारं लॉक करायची, किल्ली घरात लांब ठेवायची. किल्ली जवळ असली तर गाडी तिच्याशी बोलत जागीच राहते. निगेटिव्ह टर्मिनल सोडून मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर मध्ये जोडायचा. टर्मिनल सोडल्यामुळे सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, एकदम जागे होतात, म्हणून अर्धा तास चहा प्यायचा आणि मग आकडा बघायचा. मध्येच दार उघडायचं नाही, सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज गेला म्हणून समजा.

घरासमोर आकडा आला ०.०३ अँपिअर. हे चांगलं, उभी गाडी ५० मिलिअँपिअरच्या आत असली की निवांत झोपावं. तीच गाडी मळ्यात नेऊन मोजली. आकडा खाली येई, परत चढे, खाली येई, परत चढे. तासाभराची सरासरी काढली तर पाव अँपिअर. म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-अवर, पाच दिवसांत ३०. बॅटरी ४५ ची. उरलेल्या १५ वर सेल्फ काय कपाळ फिरणार!

कारण घरी बसून लक्षात आलं. मळ्यात मोबाइलला टॉवरची एकच काडी येते, तीही झाडाखाली गेली की जाते. गाडीच्या पोटात एक सिम आहे, तेही तिथे टॉवर शोधत रात्रभर हाका मारत बसतं. खिशातला मोबाइल सातपुड्यात गेला की त्याची बॅटरी अशीच लवकर उतरते, हे आपल्याकडे पोरासोरांना माहीत आहे. मोबाइल आपण बंद तरी करतो. हे बंद करायचं बटणच नाही.

सर्व्हिस सेंटरला आकडे लिहिलेला कागद दाखवला. मुख्य मेकॅनिक माणूस चांगला, त्याने कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, "काका, कॉम्प्युटरमध्ये फॉल्ट दिसत नाही." हेच वाक्य या अकरा महिन्यांत मी सर्वांत जास्त ऐकलं. फिटरला बेअरिंगचा आवाज ऐकवता येतो, जळलेल्या वाइंडिंगचा वास देता येतो. सॉफ्टवेअरच्या बिघाडाला आवाज नाही, वास नाही, आणि कॉम्प्युटर नाही म्हणाला की गिऱ्हाईक खोटं.

शेवटी अपडेट टाकायचं ठरलं. ५० किलोमीटर गाडी घेऊन गेलो, नंबर लावला, आणि अपडेटला ओटीपी पाहिजे. तो गेला पुण्याला. मुलगा मीटिंगमध्ये. दोन तास बाकड्यावर बसून मी आणि मेकॅनिक एका फोनची वाट बघत होतो. गाडी समोर, मालक समोर, किल्ली हातात, आणि परवानगी सुमारे चारशे किलोमीटरवर.

अपडेटने मळ्यातला आकडा ०.२५ वरून ०.११ वर आला, हे कबूल करायला हवं. बदल्यात रिव्हर्स टाकल्यावर कॅमेरा दोन-तीन सेकंद काळा दिसू लागला. आधी तसं नव्हतं. एका भोकाला ठिगळ लावायला कापड शेजारूनच फाडलं.

उन्हाळ्याचं वेगळं. खान्देशात राहणाऱ्याने गाडी घेताना मायलेजच्या आधी एक प्रश्न विचारावा: एसीची बटणं खरी आहेत की स्क्रीनवर? माझ्या गाडीत ती स्क्रीनवर आहेत. मे महिन्यात भुसावळला एका लग्नाला गेलो होतो, पारा ४५ च्या वर. मंडपाबाहेर सावली मिळाली नाही, तीन तास गाडी उन्हात. बंद गाडीत अशा वेळी तापमान साठीच्या पुढे जातं. बसलो, सुरू केली, स्क्रीन काळी. फार तापली की स्वतःला वाचवायला ती बंद होते, एवढं शहाणपण तिच्यात घातलं आहे. मी कसं वाचायचं, हे नाही घातलं. एसी चालू करायला स्क्रीन हवी, स्क्रीन गार व्हायला एसी हवा. सावद्यापर्यंत काचा खाली करून आलो, भट्टीचा झोत तोंडावर घेत. सौ. मागे बसून पदराने वारा घेत म्हणाली, "आपली जुनी गाडी बरी व्हती, कान पिळला की हवा यायची." काचेमागे लावायचा पडदा घेतल्यापासून हा प्रकार दोनदाच झाला. कोणी ओला पंचा स्क्रीनवर टाकायला सांगेल, टाकू नका.

लेन धरून ठेवणारं, आपोआप ब्रेक मारणारं वगैरे माझ्या मॉडेलमध्ये नाही. जास्तीचे पैसे देऊन घेतलं नाही याचा आनंद आहे. कापसाची बैलगाडी, शेळ्यांचा कळप आणि उलट बाजूने येणारा ट्रॅक्टर यांना ते काय समजलं असतं, देव जाणे.

त्याच दसऱ्याला घेतलेल्या वॉशिंग मशीनबद्दल थोडं. तेही वायफायवालं. ॲप टाकलं तर आधी आमचा ठावठिकाणा मागू लागलं. कपडे धुवायला अक्षांश-रेखांश कशाला? मुलगा म्हणाला, जुन्या अँड्रॉइडमध्ये जवळची वायफाय शोधायलाही लोकेशनची परवानगी लागते. ठीक, दिली. लाइट गेली की राउटर बंद, लाइट आली की मशीन आधी जागं होतं, राउटर मागून, आणि दोघांची चुकामूक. मोबाइलवर 'मशीन ऑफलाइन', इकडे मशीन गरागरा फिरतंय. दिवाळीनंतर वायफायचा पासवर्ड बदलला, तो मशीनला सांगायचा राहिला. त्याला आता दहा महिने झाले. कपडे तसेच धुतले जातात. मशीन चांगलं आहे, घ्या. वायफायसाठी हजार-दोन हजार जास्त देऊ नका.

मशीनचं वायफाय आपण तोडू शकतो, गाडीचं सिम कंपनीचं. म्हणून मुलाला म्हटलं, हे कोणाला काय सांगतं ते शोध. त्याने जे पाठवलं त्यातलं बरंचसं अमेरिकेचं होतं. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी घरी बसून, इंटरनेटवरून, हायवेवर धावती जीप चेरोकी ताब्यात घेऊन दाखवली, आणि १४ लाख गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. २०२३ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिला फाउंडेशनने २५ कार ब्रँड खासगीपणासाठी तपासले, त्यांतला एकही पास झाला नाही. जनरल मोटर्स ही कार कंपनी चालकांच्या सवयींची माहिती विकत होती, ती विमा कंपन्यांपर्यंत पोहोचत होती. कोण किती जोरात ब्रेक मारतो, रात्री किती चालवतो, असली. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने त्यावर पाच वर्षांच्या बंदीचा आदेश मांडला. माझ्या गाडीची माहिती कोणी विकली असं मी म्हणत नाही. पण रात्री पावणेबाराला मळ्यातून निघालो ही नोंद कुठेतरी आहे, आणि ती कशाला हवी, हे मला एकाही माणसाने सांगितलेलं नाही.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यात लिहिलंय की संमती देणं जितकं सोपं, ती मागे घेणंही तितकंच सोपं असायला हवं. मी दिली ती पेढा खाता खाता, एका मिनिटात. मागे घ्यायला मार्च ते जुलै लागले. कॉल सेंटरने शोरूमकडे पाठवलं, शोरूमने ॲपकडे, ॲपने परत कॉल सेंटरकडे. सगळीकडे पहिला प्रश्न एकच: रजिस्टर्ड नंबरवरून बोला. सिमचा फ्यूज काढण्याचाही विचार केला, जागा कळली होती. मेकॅनिकने अडवलं, त्याच फ्यूजवर हँड्सफ्रीचा माइक आहे आणि वॉरंटीचा वाद वेगळा होईल. शेवटी मुलगा आषाढीच्या सुट्टीला आला, त्याला घेऊन जळगावला गेलो, लेखी अर्ज दिला, त्याच्या मोबाइलवर तीन ओटीपी आले आणि सेवा बंद झाली.

काय गमावलं तेही सांगतो. अपघातात मदत बोलावणारं लाल बटण आता चालत नाही, हे मला खुपतं. गाडी चोरीला गेली तर माग लागणार नाही. शहरात, परक्या पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्याने माझं ऐकून बंद करू नये. आणि नवीन घेणाऱ्याने ॲप स्वतःच्याच नंबरवर चालू करावं, मोबाइलमध्ये जागा नसली तर लग्नाचे व्हिडिओ पुसून करावी.

सेवा बंद झाल्यावर मळ्यात परत मीटर लावला. ०.०२. गेल्या महिन्यात गाडी तिथे नऊ दिवस उभी होती, पहिल्या झटक्यात सुरू झाली. कॅमेरा अजून दोन सेकंद काळाच दिसतो, त्यावर 'पुढच्या अपडेटमध्ये बघू' हे उत्तर आहे. पण पुढचं अपडेट आता आपोआप येणार कुठून, सिम तर बंद.

परवा मुलाचा फोन आला. "पप्पा, ॲपमध्ये गाडी दोन महिन्यांपासून जळगावच्या वर्कशॉपमध्येच दिसते."

म्हटलं, दिसू दे. मी ढाब्यावर आहे.