बाथरूमची भिंत: पीव्हीसी पॅनल, सिमेंट बोर्ड की सरळ टाइल?

जुनं बाथरूम तोडायला काढलं की मिस्त्री एक सांगतो, फर्निचरवाला दुसरं आणि दुकानदार तिसरंच. दर विचारायच्या आधी भिंत बघा. सोलापूरच्या कसब्यातल्या जुन्या वाड्याची दगड-मातीची भिंत आणि जुळे सोलापुरातल्या बंगल्याची वीट-सिमेंटची भिंत यांना एकच औषध चालत नाही.

भिंत ओलसर वाटत असेल तर तिच्या कोरड्या बाजूला फूटभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेपनं घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येतेय. मग आधी गळका पाइप शोधा. ओलीवर काहीही ठोकलं तर ती फक्त दिसेनाशी होते. लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा पांढरा खार, मागं चढतच राहतो.

पीव्हीसी पॅनल सगळ्यात स्वस्त आणि झटपट. साधारण दहा इंच रुंद, दहा फूट लांब पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या. दोन दिवसांत बाथरूम वापरायला मोकळं. पट्टीला पाण्यानं काही होत नाही, बिघडतं ते मागचं. पैसे वाचवायला लाकडी पट्ट्या मारल्या की ओल आणि वाळवी दोघींची सोय होते. जीआय (जस्ताचा थर दिलेलं लोखंड) किंवा ॲल्युमिनियमचाच सांगाडा मागा. पॅनल आतून पोकळ असतं, त्यामुळे गिझर त्यावर टांगता येत नाही. त्याचे बोल्ट मागच्या पक्क्या भिंतीतच गेले पाहिजेत. आपल्याकडे काही दिवसांआड पाणी, म्हणजे बाथरूममध्ये बॅरल आलंच. भरलेलं बॅरल सरकवताना त्याची कड लागली की पॅनलला भोक. शिवाय ७०-८० अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊ पडतं. ज्या घरात अजून बंब पेटतो, तिथं त्या कोपऱ्यात हे नकोच.

सिमेंट बोर्ड, म्हणजे फायबर सिमेंटची आठ बाय चार फुटांची शीट, हा खरा विचार करण्यासारखा पर्याय आहे. पण त्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय. हा बोर्ड पाण्यानं कुजत नाही, पण पाणी अडवतही नाही. म्हणून सांध्यांवर जाळीची टेप, सगळ्या बोर्डवर वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि मगच ॲडेसिव्हनं टाइल. खालची कड फरशीपासून सेंटिमीटरभर वर ठेवून ती फट सीलंटनं भरायची. टेकवली तर बोर्ड खालून पाणी ओढतो. कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, कारागिराला मास्क घालायला लावाच. हिरवा जिप्सम बोर्ड कुणी याच भावात देतो म्हणाला तर तो छताला वापरा, शॉवरच्या भिंतीला नाही.

बोर्डची दुसरी किंमत जागेत मोजावी लागते. दोन इंचांचा सांगाडा, वर बोर्ड, ॲडेसिव्ह, टाइल: एका भिंतीला जवळपास तीन इंच जातात. चार फुटी बाथरूमला दोन्हीकडून केलंत तर साडेतीन फूट उरतं. तरीही मातीची, फुगलेली भिंत असेल आणि ओल थांबवली असेल, तर माझं मत बोर्डलाच. असल्या भिंतीवर नवं प्लॅस्टर टिकत नाही. सांगाडा मात्र शक्यतो जमिनीवर आणि छताला धरलेला हवा.

वीट-सिमेंटची भिंत धड असेल तर बोर्डच्या फंदात पडूच नका, सरळ टाइल लावा. जुन्या टाइल ठोकून पाहिल्यावर पोकळ वाजत नसतील, तर त्यांच्यावरही योग्य ॲडेसिव्हनं नव्या बसतात. जाडी वाढते, म्हणून दाराची चौकट आणि नळाची तोंडं तेवढी तपासा.

भाड्यानं द्यायची खोली असेल तर पीव्हीसी ठीक आहे, तेही पाणी थेट उडत नाही त्या भिंतींना. रंग काहीही घ्या, गडद चकचकीत नको. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग त्यावर आठवड्यात दिसतात, आणि ते घालवायला ॲसिड ओतलं की टाइलच्या सांध्यांचं ग्राउट खाल्लं जातं.

बोर्ड किंवा पॅनल यायच्या आधी पाइपलाइनला प्रेशर टेस्ट (दाबानं पाणी भरून गळती तपासणं) करून घ्या आणि उघड्या पाइपांचे फोटो मोजायची टेप लावून, मापासकट काढून ठेवा. पुढं टॉवेलचा दांडा बसवताना ड्रिल कुठं चालवायचं ते त्यावरूनच कळेल.