१५ मिमी मापाची रथसेना : काही महिन्यांच्या वापरानंतर

इसवी सन पूर्व १२७४च्या सुमारास आजच्या सीरियातील ओरोन्टेस नदीकाठी कादेश येथे इजिप्तचा दुसरा रामसेस आणि हित्ती (आजच्या तुर्कस्तानातील प्राचीन साम्राज्याचा) राजा मुवातल्ली यांच्यात झालेली लढाई टेबलावर युद्धखेळ म्हणून खेळण्यासाठी मी १५ मिमी मापाच्या (म्हणजे माणूस साधारण १५ मिमी उंच असलेल्या) धातूच्या मूर्तींतून दोन्ही सैन्ये उभी केली. गेले कित्येक महिने ती टेबलावर सतत वापरात आहेत. रथांची दाटी दिसायला हवी असेल, तर हेच माप घ्यावे असे माझे ठाम मत झाले आहे. २८ मिमीचा एकेक रथ देखणा असतो, पण तेवढ्याच जागेत रथांची फळी उभी राहत नाही.

खरा कस जोडणीत लागतो. चाकांच्या आऱ्यांमध्ये साच्यातला जादा धातू अडकलेला असतो आणि तो बारीक कानशीने काढावा लागतो. तुतनखामेनच्या थडग्यात १९२२ साली सापडलेल्या रथांचे हलके सांगाडे आणि नाजूक चाके डोळ्यांसमोर असली, तर ओतीव आरे जाडजूड वाटतात. तरीही ही जाडी मी आनंदाने स्वीकारतो, कारण हाताळणीत ती वाकत नाही. दांडी आणि जू यांचा सांधा मात्र खरोखर कमकुवत आहे. नुसत्या सुपरग्लूने चिकटवलेले सांधे माझ्याकडे काही खेळांतच सुटले. तिथे बारीक तार घालून इपॉक्सीने पक्के केलेले सांधे अजून टिकून आहेत.

दोन्ही बाजूंच्या रथांतील फरक संचात नीट उतरला आहे का, हे आधी पाहावे. इजिप्शियन रथाचा आस बैठकीच्या, म्हणजे उभे राहण्याच्या तळाच्या, मागच्या कडेला असतो आणि त्यात सारथी व धनुर्धारी असे दोघे उभे राहतात. कादेशच्या शिल्पपटांतील हित्ती रथांत सारथी, ढालकरी आणि योद्धा असे तिघे दिसतात, आणि आस बैठकीच्या मध्याकडे असल्याचे सहसा मानले जाते. मी घेतलेल्या एका संचात दोन्ही सैन्यांसाठी एकच बैठक दिली होती आणि हित्ती ढालकरी तीत मावतच नव्हता. टेबलावर समोरासमोर आल्यावर ही उणीव फार खटकते, कारण वेगवान, दुरून बाण सोडणारा रथ आणि जड, अंगावर येऊन भिडणारा रथ यांतील फरकावरच युद्धखेळाचे बहुतेक नियमसंच या दोन सैन्यांचा स्वभाव ठरवतात.

रंगकामाबद्दल तक्रार नाही. घोड्यांवरच्या झुली आणि शिंगवाल्या शिरस्त्राणांचे शेर्देन (रामसेसच्या सैन्यातले परदेशी) रक्षक या मापातही सुरेख उठून दिसतात. वॉर्निशचे दोन हात मात्र द्यावेत, कारण रथ उचलताना बोट हमखास घोड्यांच्या पाठीवरच पडते.

हित्ती पायदळ सुरुवातीला थोडेच घ्यावे. इजिप्शियन नोंदींनुसार कादेशला मुवातल्लीने आपले पायदळ शहराजवळच राखून ठेवले आणि पहिल्या हल्ल्यात २,५०० रथ सोडले. त्यामुळे पहिला खर्च रथांवर आणि दुसरा इजिप्तच्या धनुर्धाऱ्यांवर करणे मला योग्य वाटते.