कॉर्डिफाय: पहिलं गाणं निवडायला फुकट आवृत्ती आणि एक कॅपो पुरतो

गिटार घेतल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. ई मायनर, जी, सी, डी या कॉर्ड्स (एकत्र छेडायचे स्वरगट) वाजायला लागलेल्या असतात, पण आवडतं मराठी गाणं शोधायला जावं तर त्याच्या कॉर्ड्स कुठे धड सापडत नाहीत. अल्टिमेट गिटारसारख्या साइटवर इंग्रजी गाण्यांच्या एकेकाच्या कितीतरी आवृत्त्या पडलेल्या असतात, हिंदी गाणीही बरीच मिळतात. मराठीत मात्र गाजलेली चित्रपटगीतं सोडली तर शोधाशोधच. मग कोणीतरी कॉर्डिफाय सुचवतं. नेदरलँड्समधली ही सेवा मुळात माणसांनी लिहिलेल्या कॉर्ड्सवर चालत नाही. यूट्यूबवरचं गाणं निवडलं की तिचं सॉफ्टवेअर आवाज तपासतं आणि कॉर्ड्स खणाखणांत मांडून देतं. एक खण म्हणजे एक ठोका. गाणं सुरू झालं की खूण खणांवरून पुढे सरकते आणि बोटं कुठे ठेवायची त्याच्या आकृत्याही दिसतात.

त्यामुळे जवळजवळ कोणत्याही गाण्याचं उत्तर मिळतं. ते उत्तर बरोबर आहे का, आणि बरोबर असलं तरी ते गाणं आत्ता तुमच्या हाताला झेपेल का, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. आमच्या मते कॉर्डिफायचा नवशिक्याला खरा उपयोग गाणं वाजवताना समोर ठेवण्यापेक्षा गाणं निवडताना होतो. धान्य चाळून घ्यावं तशी दहा गाणी अर्ध्या तासात चाळून घ्यायची आणि त्यातलं एक धरायचं.

चाळताना गाणं वाजवू नका. नुसतं पान खाली सरकवत वेगवेगळ्या कॉर्ड्स किती आहेत ते मोजा. चारपर्यंत असतील तर गाणं हातात ठेवा. सहा-सात दिसल्या तर त्यातल्या दोन-तीन अख्ख्या गाण्यात एकदाच, तेही एखाद्या खणापुरत्या आल्यात का ते बघा. तशा कॉर्ड्स बहुधा दोन कॉर्ड्समधल्या जाता जाता लागलेल्या सुरांवरून काढलेल्या असतात. त्या गाळून आधीचीच कॉर्ड लांबवली तरी गाणं बिघडत नाही. मात्र तीच अवघड कॉर्ड प्रत्येक ध्रुपदात येत असेल तर ती खरी आहे, तिला गाळता येणार नाही.

मग एका कॉर्डवर किती खण आहेत ते मोजा. नवशिके नेमकं हेच बघायचं विसरतात. गाण्याची लय पायाने धरून १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला ८० ठोके आणि कॉर्ड चार ठोक्यांची असेल तर बदलायला तीन सेकंदांची मुदत मिळते. १२० ठोके असतील तर दोन सेकंद. १२० ठोके आणि कॉर्ड दोनच ठोक्यांची, तर एक सेकंद. आता स्वतःचा वेग मोजा. जस्टिन सँडर्को यांच्या फुकट ऑनलाइन धड्यांमधला एक मिनिटाचा सराव यासाठी उत्तम आहे: दोन कॉर्ड्स घ्यायच्या, घड्याळ लावायचं आणि मिनिटभरात किती वेळा स्वच्छ बदलता येतात ते मोजायचं. ३० बदल होत असतील तर तुमचा एक बदल दोन सेकंदांचा आहे. म्हणजे वरच्या तीन उदाहरणांतलं पहिलं गाणं आरामात जमेल, दुसऱ्यात जेमतेम टिकाव लागेल आणि तिसरं आज घेऊ नये. ज्या जोडीचे बदल सगळ्यात कमी होतात तिच्यावरून गाणं तोलायचं, सरासरीवरून नव्हे.

बॉब डिलनचं १९७३ सालचं ‘नॉकिन ऑन हेवन्स डोअर’ जगभर पहिलं गाणं म्हणून सुचवलं जातं. जी, डी, ए मायनर आणि मग जी, डी, सी, एवढ्याच कॉर्ड्स. पण खण नीट बघा: जी दोन ठोके, डी दोन ठोके, मग ए मायनर चार ठोके. लय संथ आहे, तरी जीवरून डीवर जायला जेमतेम पावणेदोन सेकंद मिळतात आणि ही जोडी नवशिक्याला सगळ्यात जड. जीमध्ये बोटं सहाव्या-पाचव्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत पसरलेली असतात, डीमध्ये ती तिन्ही खालच्या तीन तारांवर गोळा करायची असतात. एकही बोट जागेवर राहत नाही. त्यामुळे कॉर्ड्सची यादी सोपी दिसूनही पोरं पहिल्याच ओळीत अडखळतात आणि दोष गिटारला किंवा बोटांना देतात. उलट बॉब मार्लीचं ‘थ्री लिटल बर्ड्स’ ए, डी, ई या तीनच कॉर्ड्सवर चालतं आणि ए बराच वेळ सुटत नाही, म्हणून ते आधी घ्यावं.

जोड्यांचाच विचार करायचा तर सीवरून ए मायनर ही सर्वांत सोपी. तर्जनी आणि मधलं बोट जागेवरच राहतं, फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर येते. ज्या गाण्यात सी आणि ए मायनर शेजारी-शेजारी येतात त्याला झुकतं माप द्या. जीवरून सीवर जाणं जमत नसेल तर अनामिका आणि करंगळी दुसऱ्या आणि पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवर धातूच्या पट्ट्यांनी पडलेला एकेक कप्पा) धरून ठेवायची आणि फक्त वरची दोन बोटं एकेक तार खाली सरकवायची. ती खरं तर सी अ‍ॅड नाइन होते, पण गाण्यात सीच्या जागी छान खपते. एफ आला तर एफ मेजर सेव्हन: चौथी तार तिसरा फ्रेट, तिसरी तार दुसरा, दुसरी तार पहिला, पहिली तार मोकळी, वरच्या दोन तारा वाजवायच्या नाहीत. बी मायनरच्या जागी पाचवी, तिसरी आणि पहिली तार दुसऱ्या फ्रेटवर दाबा, चौथी आणि दुसरी मोकळी ठेवा. सहावी वाजवू नका.

आता मराठी गाण्यांचा मोठा अडथळा. गाणं उघडलं की समोर एफ शार्प मायनर किंवा ई फ्लॅट असली नावं येतात आणि नवशिका पान बंद करतो. हे करू नका. कॉर्डिफायमध्ये पट्टी बदलणं आणि कॅपो (मानेवर लावायचा, सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून कॉर्ड्स दाखवणं या सोयी पैसे भरल्यावर मिळतात, पण हे काम बोटांवर मोजून होतं. सी, सी शार्प, डी, डी शार्प, ई, एफ, एफ शार्प, जी, जी शार्प, ए, ए शार्प, बी, हा क्रम एका कागदावर लिहून गिटारच्या पिशवीत ठेवा. सीच्या मागे पुन्हा बी येतो. फ्लॅट ही शार्पचीच दुसरी नावं: डी फ्लॅट म्हणजे सी शार्प, ई फ्लॅट म्हणजे डी शार्प, जी फ्लॅट म्हणजे एफ शार्प, ए फ्लॅट म्हणजे जी शार्प, बी फ्लॅट म्हणजे ए शार्प. प्रत्येक कॉर्ड सारख्याच घरांनी मागे न्यायची, मेजर-मायनर तसंच ठेवायचं, आणि जितकी घरं मागे गेलात तितक्या फ्रेटवर कॅपो लावायचा. एफ शार्प मायनर, डी, ए, ई अशी मालिका असेल तर दोन घरं मागे: ई मायनर, सी, जी, डी. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर. ई फ्लॅट, ए फ्लॅट, बी फ्लॅट असेल तर एक घर मागे: डी, जी, ए. बी फ्लॅट मायनर, जी फ्लॅट, डी फ्लॅट, ए फ्लॅट दिसलं तर एक घर मागे ए मायनर, एफ, सी, जी मिळतं. एफ नको असेल तर सहा घरं मागे ई मायनर, सी, जी, डी. सहाव्या फ्रेटवर आवाज पातळ होतो आणि बोटांना जागा कमी पडते, पण चालतं.

साधा कॅपो दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागच्या बाजूला लावायचा. दोन फ्रेट्सच्या मधोमध लावला तर तारा खरखरतात किंवा सूर चढतो. लावल्यावर ट्यूनरवर सहाही तारा पुन्हा तपासा.

रेकॉर्डिंगबरोबर वाजवायचं नसेल, स्वतः गायचं असेल, तर मूळ पट्टी पाळायची काहीच गरज नाही. इथे पेटीची भाषा जास्त कामाची. गाणं जिथे विसावतं ती कॉर्ड बहुतेक वेळा षड्ज सांगते. ती सी शार्प असेल तर गाणं काळी एकमध्ये, डी शार्प म्हणजे काळी दोन, जी शार्प म्हणजे काळी चार, ए शार्प म्हणजे काळी पाच. काळी चार-पाचमध्ये गायलेलं गाणं काळी एकमध्ये गाणाऱ्या माणसाने तसंच उचललं तर अंतऱ्यात गळा ताणला जातो आणि ताण आला की हाताची लयही सुटते. अशा वेळी सीच्या आकारांनी पहिल्या फ्रेटवर कॅपो किंवा एच्या आकारांनी चौथ्या फ्रेटवर कॅपो, दोन्हीत काळी एक मिळते. ज्याचे बदल सोपे ते घ्या.

सॉफ्टवेअर चुकतं कुठे, हे माहीत असेल तर त्याचा त्रास होत नाही. सर्वांत नेहमीची गफलत सी आणि ए मायनर, जी आणि ई मायनर, डी आणि बी मायनर यांच्यात होते, कारण या जोड्यांमध्ये तीनपैकी दोन स्वर सारखे असतात. शंका आली की गाणं थांबवून दोन्ही कॉर्ड्स एकेकदा छेडा, घुमू द्या आणि तीच ओळ त्यावर गुणगुणा. एकीवर ओळ बसते, दुसरीवर लोंबकळते. कान हे पटकन सांगतो. तरी नक्की होत नसेल तर हेडफोन लावून बेस कुठल्या स्वरावर आहे ते ऐका.

जुन्या भावगीतांच्या बाबतीत मात्र सांभाळून. त्यातल्या पुष्कळ चाली रागावर बांधलेल्या असतात आणि पेटी-व्हायोलिन गाणाऱ्याच्या मागोमाग जातात, वाद्यमेळात वेगळ्या कॉर्ड्स फारशा नसतातच. सॉफ्टवेअर मग चालीच्या स्वरांतून कॉर्ड्स शोधू पाहतं. दर एक-दोन खणांनी कॉर्ड बदलताना दिसली की समजावं, ती गाण्याची कॉर्ड नव्हे, चालीची सावली आहे. ही गाणी सुंदर आहेत आणि म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांत घाईने उरकू नयेत. गिटार, कीबोर्ड, बेस स्पष्ट ऐकू येणारी अलीकडची चित्रपटगीतं किंवा कोणीतरी नुसत्या गिटारवर गायलेलं त्याच गाण्याचं रेकॉर्डिंग निवडा. एकाच गाण्याचं गिटारवरचं साधं रेकॉर्डिंग टाकलं की उत्तरं एकदम सुधारतात.

जुन्या रेकॉर्डिंगची आणखी एक खोड म्हणजे त्यांची पट्टी कधी कधी दोन स्वरांच्या मध्ये असते. ट्यूनर गिटार बरोबर दाखवतो, कॉर्ड्सही बरोबर असतात, तरी एकत्र वाजवलं की कानाला टोचतं. ट्यूनरमधला ४४० हा आकडा (ए स्वराची कंपनसंख्या) थोडा वर-खाली करून गिटार त्या गाण्याला लावून घ्या. बऱ्याच ट्यूनरमध्ये ४३० ते ४५० पर्यंत ही सोय असते.

खणांची पहिली मात्रा डोळे झाकून सम समजू नका. ‘हॅपी बर्थडे’ घ्या, गिटार असलेल्या माणसाकडे घरात ही मागणी येणारच. तीन-तीन ठोक्यांचे आठ भाग: जी, डी, डी, जी, जी, सी, मग सातव्या भागात दोन ठोके जी आणि एक ठोका डी, शेवटी जी. पण ‘हॅपी’ हा शब्द समेच्या आधी येतो, पहिली जी ‘बर्थ’वर पडते. ‘हॅपी’वरच जी मारली की सगळं गाणं एक ठोका पुढे सरकतं आणि शेवटपर्यंत जुळत नाही. मराठी गाण्यांतही मुखडा असा समेआधी उचललेला असतो. टाळी देऊन सम शोधा आणि त्यावर कॉर्ड बसवा.

हात कसा फिरवायचा हे कॉर्डिफाय सांगत नाही. केरव्याच्या गाण्याला सुरुवातीला चार सरळ खालचे फटके पुरेत. दादऱ्याला सहा मात्रांत बेसची एक तार आणि दोन हलके फटके, हेच दोनदा.

पैसे भरावेत का? निवडीसाठी नाही. गती कमी करणं आणि ठरावीक भाग पुन्हा पुन्हा वाजवणं या सशुल्क सोयी चांगल्या आहेत, पण यूट्यूबवर गती ०.७५ केली तरी पट्टी तीच राहते आणि नवशिक्याचं भागतं. एखाद्या गाण्यातले दोन ठोक्यांचे बदल पक्के करायला बसणार असाल तर एका महिन्याचे भरा, वर्षाचे नको.

छापील पानाचीही गरज नाही. गाणं ठरलं की वहीत शब्द लिहा आणि कॉर्ड ज्या अक्षरावर बदलते नेमकं त्याच अक्षराच्या डोक्यावर तिचं नाव लिहा, कॅपोचा फ्रेट वरच्या कोपऱ्यात. एवढं लिहून झालं की मोबाइल बाजूला ठेवा आणि वहीवरूनच वाजवा. सरकत्या खणांकडे बघत वाजवणाऱ्याची नजर पडद्यावरून हटत नाही आणि खूण थांबली की हातही थांबतो.